पदवी नृत्याची, कसोटी समाजाची

बारावीचा निकाल लागला की मराठी मध्यमवर्गीय घरांत पंधरा दिवस एकाच विषयाचा ऊहापोह चालतो. अभियांत्रिकी की वैद्यकीय, वाणिज्य की संगणक, पुणे की मुंबई. अशा वेळी एखाद्या घरातील मुलगी सांगते की तिला नृत्य हाच मुख्य विषय घेऊन पदवी घ्यावयाची आहे. घर क्षणभर स्तब्ध होते. वडील जरा वेळाने विचारतात, ‘‘नृत्य ठीक आहे, पण शिकणार काय?’’ आई सुचवते की क्लास चालू आहेच, पदवी दुसऱ्या कशाची तरी घ्यावी. आजीच्या मनात काय येते ते ती सहसा बोलून दाखवीत नाही. हाच हट्ट मुलाने धरला असेल, तर मात्र कोणीच काही मनात ठेवीत नाही.

याच घराने त्या मुलीला वयाच्या सहाव्या वर्षी हौसेने नृत्याच्या वर्गात घातलेले असते. तिच्या पहिल्या घुंगरांची हळदकुंकू वाहून पूजा झालेली असते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षांची प्रमाणपत्रे बैठकीच्या खोलीत चौकटीत लावलेली असतात. शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर या परीक्षांकडे पालकांचा ओढा अधिकच वाढला आहे. पण ते गुण एकदा पदरात पडले की अकरावीच्या शिकवणीची वेळ आणि नृत्याच्या वर्गाची वेळ एकच येते, आणि घुंगरे कपाटात जातात. अंग तयार झालेले, ताल मुरू लागलेला, अभिनयातील अर्थ उमगू लागलेला. नेमक्या त्याच वयात विद्या थांबते. भरतनाट्यम् शिकणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर आणखी एक सोहळा होतो. ‘अरंगेत्रम्’ या तमिळ शब्दाचा अर्थ रंगमंचावर आरोहण. म्हणजे ती सुरुवात. आपल्याकडे सभागृह, दागिने, रेशमी पोशाख, छायाचित्रकार आणि भोजन यांवर भरपूर खर्च करून जो समारंभ होतो, तो बहुतेक मुलींच्या बाबतीत नृत्याचा निरोपसमारंभच ठरतो.

भारतीय संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्या, नटराजाची मूर्ती दिवाणखान्यात ठेवणाऱ्या घरांतही हेच चित्र दिसत असेल, तर त्या अभिमानाचा पाया एकदा तपासून पाहणे भाग आहे. जी विद्या आपण जगाला अभिमानाने दाखवतो, ती आपल्या मुलीने आयुष्याचे कार्य म्हणून पत्करावी हे आपल्याला का रुचत नाही?

या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासात आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या आरंभी जी कथा येते, तीत ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन नाट्यवेद निर्माण केला आणि तो सर्व वर्णांसाठी खुला ठेवला. कथेचा आशय स्पष्ट आहे : नृत्य-नाट्य ही करमणूक असली तरी तिचे स्थान विद्येचे आहे. त्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात १०८ करणांचे वर्णन आहे. हात, पाय आणि देह यांच्या एकत्रित हालचालीचे ते इतके काटेकोर वर्गीकरण आहे की शिल्पकारांनी ते दगडात उतरवले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या वरच्या मजल्यावर ८१ करणे कोरलेली आहेत आणि चिदंबरमच्या गोपुरांवर ती नावांच्या श्लोकांसह पाहावयास मिळतात. आपल्या देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्याचा सातवा अध्याय संपूर्णपणे नर्तनाला वाहिलेला आहे. ज्या भूमीत हा ग्रंथ जन्मला, त्या भूमीतील पालकाने ‘‘शिकणार काय?’’ असे विचारावे, हा काळाचा विनोदच म्हणावा लागेल.

इंग्रजी राजवटीत विद्येची व्याख्याच बदलली. मेकॉलेचे टिपण १८३५ चे, आणि मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ ची. या विद्यापीठांच्या आराखड्यात या देशातील संगीताला आणि नृत्याला जागाच नव्हती. जे परीक्षेला बसवता येत नाही ते ज्ञान नव्हे, ही धारणा शिकलेल्या वर्गात रुजली. १८९२-९३ च्या सुमारास मद्रासमध्ये नाचविरोधी चळवळ उभी राहिली. त्या चळवळीमागे मिशनरी नीतिकल्पनांचा प्रभाव होता, हे खरे. परंतु सारा दोष परक्यांच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देवदासींचे शोषण प्रत्यक्षात होत होते आणि ते थांबवण्यासाठी डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्यासारख्या विदुषीने आयुष्य वेचले. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि मद्रास प्रांतात १९४७ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. प्रथा जायला हवी होती, ती गेली हे योग्यच झाले. चूक झाली ती वेगळी. ज्या स्त्रियांनी शतकानुशतके ही कला देहात जपली, त्यांना दोष लागला, आणि कलेलाही त्यांच्यासोबत वाळीत टाकले गेले. पुढे कलेला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली; त्या घराण्यांतील स्त्रियांच्या वाट्याला ती फारशी आली नाही. आजीच्या मनातील न बोललेला विचार येथून आलेला आहे.

कलेला प्रतिष्ठा परत मिळवून देणारी माणसे चिकाटीची होती. ई. कृष्ण अय्यर यांच्यासारखा वकील स्वतः स्त्रीवेष घेऊन नाचला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे शिकून १९३५ साली अड्यार येथे जाहीर नृत्य केले आणि १९३६ साली कलाक्षेत्राची स्थापना केली. त्याआधी १९३० मध्ये महाकवी वळ्ळत्तोळ यांनी केरळ कलामंडलम् उभारले होते. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी मणिपुरी गुरूंना पाचारण केले. आपल्याकडे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून ज्या चळवळीचा पाया घातला, तिच्या शिष्यपरंपरेने पुढे परीक्षांचे जे जाळे विणले, त्यातच आजची लाखभर मराठी मुले वाढली आहेत. हे सारे संस्थाकार्य होते. विद्यापीठ अजून दूर होते.

ते अंतर ज्या शहराने प्रथम ओलांडले, ते मराठी माणसाला परके नाही. १८८० साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा विवाह तंजावरच्या मराठा राजघराण्याशी संबंधित लक्ष्मीबाईंशी झाला. त्याच पुढे चिमणाबाई म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांच्यासोबत तंजावरहून नर्तकी, नट्टुवनार आणि वादक बडोद्यास आले आणि दरबारात तंजावरी नाच रुजला. या परंपरेतील कुबेरनाथ तंजावरकर यांचे आडनावच हा सारा प्रवास सांगते. तंजावरचे मूळही मराठीच. दुसरे सरफोजी महाराज १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. त्यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा नृत्यक्रम सिद्ध केला. आज जगभर भरतनाट्यम्‌ची मैफल ज्या क्रमाने होते तो हाच. स्वतः सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत. मालवणच्या मातीतून आलेले आचार्य पार्वतीकुमार यांनी ती अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणली आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावरच्या मराठी राजांच्या रचनांवर पुढे संशोधन केले. ‘भरतनाट्यम् हे दाक्षिणात्यांचे, आपले काय?’ असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास एकदा नजरेखालून घालावा.

बडोद्याने आणखी एक काम केले. नाट्यशास्त्राचा मूळ संस्कृत पाठ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काव्यमालेत १८९४ साली छापला होता. अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’ या टीकेसह त्याची चिकित्सक आवृत्ती गायकवाड प्राच्यविद्या मालेत १९२६ पासून निघू लागली. ‘संगीतरत्नाकर’ पुण्याच्या आनंदाश्रमाने त्याआधीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध केला होता. म्हणजे नर्तकीच्या पायातील ताल आणि पंडिताच्या पोथीतील शब्द हे दोन्ही महाराष्ट्र व बडोदे यांच्या परिसरात जवळजवळ नांदत होते. त्यांची गाठ पडली ती स्वातंत्र्यानंतर. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. श्रीमती हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. त्यांच्याच कारकिर्दीत १९५० च्या सुमारास नृत्य हा तेथे पदवीचा विषय झाला. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला जे विद्यापीठ पदवी देते, तेच कथक आणि भरतनाट्यम्‌च्या विद्यार्थ्यालाही देणार, हा निर्णय त्या काळी साधा नव्हता. कथक शिकवण्यासाठी पं. सुंदरलाल गंगाणी तेथे होते. वनस्पतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले आणि कलाक्षेत्रात तयार झालेले सी. व्ही. चंद्रशेखर यांनी पुढे त्याच विद्यापीठात अनेक वर्षे अध्यापन केले. २०२४ साली ते निवर्तले. वयाच्या ऐंशीनंतरही ते रंगमंचावर उभे राहत. विज्ञानाची पदवी आणि नृत्य यांत वैर नसते, याचे याहून चांगले उदाहरण कोणते देणार?

१९५६ साली खैरागडच्या राजघराण्याने दिवंगत कन्या इंदिरा हिच्या स्मरणार्थ आपला राजवाडा दिला आणि तेथे केवळ कलांसाठीचे विद्यापीठ सुरू झाले. मुंबईत कायद्याची पदवी घेतलेल्या कनक रेळे यांनी मोहिनीअट्टमला ग्रंथ आणि प्रत्यक्ष प्रयोग या दोहोंच्या आधारे नवे आयुष्य दिले, नृत्य विषयात विद्यावाचस्पती पदवी मिळवली आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न नालंदा नृत्यकला महाविद्यालय उभे केले. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेनंतर या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे रेळेबाईंच्या कामाचे मोल कळते. २०२३ साली त्यांचे निधन झाले. पुण्यात १९८७ साली तेथील विद्यापीठाने ललित कला केंद्र सुरू केले आणि एक वेगळा मार्ग धरला : विद्यार्थ्याने प्रत्यक्ष नृत्य गुरूच्या घरी वा गुरुकुलात शिकावे आणि शास्त्र, इतिहास, सौंदर्यविचार यांसाठी विद्यापीठात यावे. १९४७ पासून ‘नृत्यभारती’च्या द्वारे कथकची तपश्चर्या करणाऱ्या रोहिणीताई भाटे यांच्यासारख्या गुरूंचा हात या शिक्षणाला लागला. गुरुकुल आणि विद्यापीठ यांचा हा मेळ इतर विद्यापीठांनी अभ्यासावा असा आहे.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. शिकणार काय? विष्णुधर्मोत्तर पुराणात राजा वज्र आणि मार्कंडेय ऋषी यांचा एक संवाद आहे. राजाला मूर्ती घडवण्याची विद्या हवी असते. ऋषी सांगतात की त्यासाठी आधी चित्रकला जाणली पाहिजे, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ज्या बहुविद्याशाखीय शिक्षणाचा आग्रह धरला आहे, त्याचे इतके सुटसुटीत वर्णन अन्यत्र क्वचितच सापडेल. नृत्याची विद्यार्थिनी ताललेखन शिकते. विलंबित तीनतालात सोळा मात्रांच्या आवर्तनात तिहाई नेमकी समेवर कशी आणावी याचे गणित तिला मनातल्या मनात करावे लागते. ती संस्कृत श्लोक, तेलुगू पदे, ब्रज ठुमऱ्या वाचते आणि त्यांचे अर्थ देहाने सांगते. मूर्तिशास्त्र, मंदिरस्थापत्य, रससिद्धांत तिला टाळता येत नाहीत. आणि शरीरशास्त्रही टाळता येऊ नये. अर्धमंडलीत तासन्‌तास बसणाऱ्या, सिमेंटच्या फरशीवर पाय आपटणाऱ्या किती मुलींचे गुडघे आणि घोटे पंचविशीतच दुखू लागतात! वर्गाची जमीन लाकडी का असावी, स्नायू कसे तापवावेत, दुखापत झाल्यावर किती दिवस थांबावे हे ज्ञान गल्लीतल्या क्लासमध्ये अनेकदा मिळत नाही. ते देणे विद्यापीठाचे कर्तव्य आहे.

यावर जुने जाणते लोक आक्षेप घेतात की कला वर्गात शिकवता येत नाही. ती गुरूच्या सहवासात झिरपते. या आक्षेपात बळ आहे. भरतनाट्यम्‌चा एक मोठा वर्णम् सादर करायलाच अर्धा-पाऊण तास लागतो. तो अंगात मुरायला वर्ष-दीड वर्षही कमी पडते. पंचेचाळीस मिनिटांचा तास, सहा महिन्यांचे सत्र, अंतर्गत मूल्यमापन, सत्रान्त परीक्षा या चौकटीत त्याचे तुकडे होतात. एखादी मुलगी अप्रतिम नाचते आणि लेखी प्रश्नपत्रिकेत ‘टिपा लिहा’ मध्ये अडखळते. दुसरी पाठांतराच्या बळावर प्रथम वर्ग मिळवते आणि समेवर येत नाही. पदवी दोघींनाही मिळते. कित्येक ठिकाणी शिक्षक वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबतात. गायक, तबलजी, मृदंगवादक यांची पदेच नसल्याने विद्यार्थी ध्वनिमुद्रणावर नाचतात. जिवंत ठेक्याशी ज्याची कधी झटापट झाली नाही, तो लयीचा स्वामी कसा होणार?

त्याहून मोठी विसंगती शिक्षकनेमणुकीच्या नियमांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संगीत-नृत्यासाठी पारंपरिक कलावंताला सहायक प्राध्यापक होण्याची वाट ठेवली आहे, ही चांगली गोष्ट. परंतु त्यालाही पदवीची अट आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरात ही विद्या नांदली, त्या घरातील नट्टुवनार किंवा कथकिया बहुधा पदवीधर नसतो. महाविद्यालयीन शिक्षण न घेतलेल्या बालसरस्वतींना अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठाने सन्मानाने बोलावून शिकवायला लावले. आपल्या चौकटीत त्यांना नियमित नेमणूक मिळाली नसती. २०२२ साली आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची योजना आणली, तीत औपचारिक पदवीची अट नाही. पण ही नेमणूक फार तर चार वर्षांची. शिष्य घडायला बारा वर्षे लागतात, असे मानणाऱ्या परंपरेला चार वर्षांचा गुरू देऊन काय साधणार? ज्यांच्याकडून विद्या घेतली, त्यांनाच दाराबाहेर उभे करून तिची पदवी वाटायची, हा इंग्रजी अमदानीतला संस्कार अजून पुरता गेलेला नाही.

तरीही ‘मग पदवी नकोच, गुरुकुलच बरे’ असे म्हणणे हा पळवाटीचा मार्ग होईल. गुरूवरील निष्ठा हा या परंपरेचा प्राण आहे. पण निष्ठेचा आडोसा घेऊन काही ठिकाणी जे घडते, त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. २०२३ साली चेन्नईतील एका नामवंत नृत्यसंस्थेत विद्यार्थिनींना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन आंदोलनास बसावे लागले, तेव्हा साऱ्या कलाक्षेत्राला खाली मान घालावी लागली. तक्रार केली तर गुरू दुरावेल, रंगमंच मिळणार नाही, या भीतीने ज्या मुली गप्प राहतात त्यांची नोंद कोठेच नसते. २०१३ च्या कायद्यानुसार विद्यापीठात अंतर्गत समिती असावी लागते, विद्यार्थिनीचे नाव पटावर असते, हजेरी असते, तिच्या गुणांना एकाहून अधिक परीक्षक असतात. एका व्यक्तीच्या मर्जीवर तिचे सारे भवितव्य टांगलेले राहत नाही. जो पालक मुलीला खाजगी वर्गात निःशंकपणे पाठवतो आणि विद्यापीठाच्या नृत्यविभागाला बिचकतो, त्याने हा विचार अवश्य करावा.

मुलांचा प्रश्न वेगळाच आहे. शिव हा आद्य नर्तक, कृष्ण रासाचा नायक, कथकची घराणी पुरुषांनी वाढवलेली, कथकली तर शतकानुशतके पुरुषांचेच. असे असूनही नृत्य शिकणाऱ्या मराठी मुलाची शाळेत आणि नातेवाइकांत जी चेष्टा होते, ती आपल्या परंपरेशी कोठेच जुळत नाही. केरळ कलामंडलम्‌ने २०२४ साली मोहिनीअट्टमचे वर्ग मुलांसाठी खुले करण्याचा निर्णय घेतला. स्त्रियांचाच मानल्या गेलेल्या नृत्यप्रकारातही हा बदल झाला. आपल्या घरांतला टिंगलीचा सूर बदलायला कोणत्या संस्थेच्या ठरावाची आवश्यकता नाही.

महाराष्ट्राने आणखी एका गोष्टीकडे पाहिले पाहिजे. शास्त्रीय नृत्याला प्रतिष्ठा देताना आपण आपल्या मातीतील नर्तनाला विद्यापीठाच्या उंबऱ्यावर थांबवले. बैठकीच्या लावणीत एकाच ओळीचा अर्थ नजरेने, भुवईने, हाताच्या एका हालचालीने दहा प्रकारे उलगडला जातो. पदम् किंवा ठुमरीच्या अभिनयाचे तत्त्व हेच आहे. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांच्या अदाकारीला २०१२ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये शतक ओलांडून त्या गेल्या. त्यांच्यासारख्या कलावतींपाशी जे होते, त्याचे किती लेखन, चित्रमुद्रण, अध्यापन झाले? मुंबई विद्यापीठाने लोककलांच्या अभ्यासाची व्यवस्था केली, हे पाऊल योग्य दिशेचे. परंतु कथकची पदवी घेणाऱ्या मुलीला लावणीची अदा, दशावतारातील पदन्यास किंवा गोव्याच्या मंदिरांतील उत्सवपरंपरा यांची ओळखही होऊ नये, हे अभ्यासक्रमाचे दारिद्र्य आहे. पाठ्यग्रंथांचेही तेच. गोदावरी केतकर यांनी १९२८ साली नाट्यशास्त्र मराठीत आणले, र. पं. कंगले यांनी रस-भावांचा अध्याय मराठीत उलगडला. या मजबूत पायावर पुढे जी इमारत चढायला हवी होती, ती अर्धीच राहिली आणि मराठी मुलगी आजही आपल्या शास्त्राची परिभाषा बऱ्याचदा इंग्रजी टिपणांतून पाठ करते.

राहता राहिला पोटाचा प्रश्न. तो क्षुद्र नाही. संसार करणाऱ्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. केवळ कार्यक्रमांवर जगणारे नर्तक थोडे असतात, ही वस्तुस्थिती मुलीपासून लपवू नये. पण पदवीमुळे वाटा खुल्या होतात. पदव्युत्तर शिक्षणानंतर ‘नेट’ परीक्षेत नृत्य-नाट्य हा स्वतंत्र विषय आहे. केंद्रीय माध्यमिक मंडळाच्या अकरावी-बारावीला कथक, भरतनाट्यम् आदी विषय घेता येतात, म्हणजे शिक्षक लागतात. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद परदेशांतील आपल्या केंद्रांत नृत्यशिक्षक पाठवते. न्यू जर्सीपासून सिंगापूरपर्यंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना आपल्या मुलींसाठी गुरू हवा असतो, आणि तेथे तो कोणत्या विद्यापीठाचा हे विचारले जाते. संशोधन, संग्रहालये, नृत्योपचार, रंगमंच-व्यवस्थापन ही क्षेत्रेही आहेत. उत्पन्न अभियंत्याइतके नसेल. आणि गेल्या वीस वर्षांत अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या सर्वच मुलांना ते मिळाले, असेही नाही.

परंतु कलावंताच्या पोटाचा प्रश्न फक्त त्याच्या पदवीवर सुटणार नाही; त्याचा अर्धा भाग समाजाकडे आहे, आणि येथे सज्जन, सुसंस्कृत, संघटनांत वावरणाऱ्या मंडळींनीही स्वतःकडे पाहावे. वर्षभर आपल्या वस्त्यांत, संस्थांत, व्याख्यानमालांत सांस्कृतिक कार्यक्रम होतात. वर्धापनदिनी गणेशवंदना हवी असते, पाहुण्यांसमोर दहा मिनिटांचे नृत्य हवे असते. त्यासाठी नर्तिका महिनाभर तालीम करते, साथीदारांना पदरचे पैसे देते, पोशाख भाड्याने आणते, आणि मंचामागे बदलायला खोली नसते म्हणून दोन मैत्रिणींनी धरलेल्या चादरीआड तयार होते. कार्यक्रम संपल्यावर कार्यवाह कृतज्ञतेने हात जोडतात. बऱ्याच गणेशोत्सव मंडळांचा वार्षिक जमाखर्च छापील असतो. मंडपवाला, रोषणाईवाला, ध्वनिक्षेपकवाला, ढोलपथकाचा अल्पोपाहार यांच्या रकमा त्यात स्वतंत्र ओळींत दिलेल्या असतात. नृत्यासाठीची ओळ शोधली, तर ती ‘शाल व श्रीफळ’ या सदरात सापडते.